राष्ट्रपतींच्या सल्लागारांपुढे सुशीलाबाई

काल आमच्या शाळेच्या भिंतींना चुना मारला आणि त्या ओल्या वासानं माझा जुना वैताग पुन्हा जागा झाला.

मुलचेऱ्याकडच्या एका खेड्यात मी तेव्हा शिक्षक होतो. राष्ट्रपतींचे ज्येष्ठ सल्लागार दिल्लीहून गावातल्या मासेमारांना भेटायला येणार म्हणून शाळा घाईघाईनं रंगवली होती. भिंतीला टेकलं की पाठ पांढरी. मासेमारांचं म्हणणं त्यांना हिंदीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. तालुक्याचे साहेब माझ्या कानाशी सारखे पुटपुटत होते, "थोडक्यात, गुरुजी, थोडक्यात!"

मासेमारांतल्या सुशीलाबाई उठल्या. तलावात बेशरमाची झुडपं माजली, जाळी फाटतात, मासोळी उरली नाही, नवरा मजुरीला तेलंगणात गेला, सगळं बोलल्या. मी सांगितलं, "तालाब की सफाई चाहिए." सल्लागारांनी तेवढंच लिहिलं.

"गुरुजी, मी येवढं बोलली, तुमी येवढंच काऊन सांगितलं?"

मी चिडलो. "बाई, दिल्लीच्या साहेबांना वेळ नाही."

'वेळ नाही' एवढं कळून सल्लागार ओशाळले. "मुझे भी राष्ट्रपति जी को दो ही मिनट में बताना पड़ता है."

"मंग दोन मिनिटात माह्या नवऱ्याचं सांगा," बाई म्हणाल्या. "सफाईचं तर सरपंचालेबी ठाऊक हाय."

सल्लागारांनी लिहिलेली ओळ खोडली आणि थेट बाईंनाच सोप्या हिंदीत विचारू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात तलाव साफ झाला. सल्लागारांमुळे की कसा, कोण जाणे. बाईंचा नवरा मात्र परतला.

तेव्हा मला बाईंचा राग आला होता, आता माझाच येतो. त्या दिवशी मला दुसरं काहीच काम नव्हतं. मग मी घाई कुणाची केली?