भट्टी पूजेत होती

लातूरच्या एमआयडीसीत माझ्या मामांचं कडबा कुट्टीची पाती बनवायचं वर्कशॉप होतं. मामा दोन, पण मालक थोरले. धाकटे भट्टीवर काम करायचे आणि शेडमागच्या खोलीत मामींसह राहायचे. दैनिकातली माझी ड्यूटी दुपारनंतर असे, म्हणून सकाळी मी तिथे बसायचो.

धाकट्या मामांनी पुण्याच्या एका प्रदर्शनात नवी पद्धत पाहिली होती. भट्टीत तापवून तेलात विझवलेलं पोलाद द्रव नायट्रोजनच्या थंडीत सावकाश उतरवायचं. तेलात जो भाग कडक व्हायचा राहून जातो, तो या थंडीत होतो. मग तितक्याच सावकाश वर आणायचं आणि लगेच भट्टीत पुन्हा मंद तापवायचं. हे सगळं केलं तर धार कितीतरी जास्त टिकते. शेवटचं तापवणं राहिलं तर पातं काचेसारखं तडकतं.

त्यांनी पत्र्याची दुहेरी पेटी बनवली. जनावरांच्या दवाखान्यात वळूचं वीर्य ज्या कॅनमध्ये ठेवतात, तसल्याच कॅनमधून नायट्रोजन यायचा.

"पात्याला वासरं होणार हायत का?" थोरले मामा गिऱ्हाइकांसमोर विचारायचे. कामगार हसायचे. जो हसला नाही, त्याच्याकडे ते बघत राहायचे.

"आण्णा, एक हंगाम बघा."

"बघतो. फेल गेलं तर खोली खाली करायची."

ही थट्टा नव्हती. दुसऱ्या दिवसापासून धाकट्या मामी थोरल्यांच्या घरचं धुणंही धुऊ लागल्या.

पाती चांगली निघाली. डेअरीवाले पुन्हा तीच मागू लागले. थोरले मामा पात्याची धार नखावर बघायचे आणि पातं गिऱ्हाइकाला द्यायचे.

खंडेनवमीला लेथ, ग्राइंडर, भट्टी, सगळ्यांना हळद-कुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या. पूजेतल्या हत्याराला दसरा संपेपर्यंत हात लावायचा नाही, हा घरचा नियम. पेटीला फूल मिळालं नाही. "तो डबा काय हत्यार हाय का?" थोरले मामा म्हणाले. त्यामुळे पेटी चालूच राहिली आणि दसऱ्याच्या सकाळी तिच्यातली पाती बाहेर आली. भट्टी बंद होती.

त्याच वेळी जळकोटचे एक डेअरीवाले आले. नव्या मशीनचा मुहूर्त होता.

"ही न्हाई द्यायची, आण्णा. तापवायची राहिलीत. उद्या देतो."

"मग दसऱ्याला मशीन बिनपात्याचं फिरवू काय?" डेअरीवाले म्हणाले.

"भट्टी तरी लावू द्या."

"पूजेतल्या भट्टीला हात लावलास तर हात तोडीन." थोरल्या मामांनी हे हसत म्हटलं आणि पाती स्वतः पोत्यात गुंडाळून दिली.

काही दिवसांनी डेअरीवाले परत आले. टेबलावर एक पातं ठेवलं. त्याचं टोक नव्हतं. रुमालातून टोक काढून त्यांनी शेजारी ठेवलं.

"सावकार, हे वैरणीत गेलं. म्हैस मेल्यावर पोटातून निघालं."

थोरल्या मामांनी तो तुकडा उचलून धाकट्यांच्या तळहातावर ठेवला. "घे. तुझं वासरू."

या वेळी कोणी हसलं नाही.

"आण्णा, तुम्ही तापवू दिलं न्हाई."

"म्हंजे देवाची चूक?"

पूजेला बोल लावायची त्या शेडमध्ये कोणाचीच हिंमत नव्हती, आणि थोरल्यांना ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो लागला. मामींनी भांडी चढवली. धाकटे मामा पेटी उचलायला गेले.

"ती राहू दे. पत्रा माझा हाय." थोरल्यांनी लेथवरच्या कामगाराला हाक मारली. "याला सांगून जा. थंड किती, भट्टीत किती, समदं."

"आता कशाला?"

"गिऱ्हाईक मागायलंय. अजून एक म्हैस मारायची हाय का?"

धाकट्या मामांना चुकीचं सांगता आलं असतं. त्यांनी उभ्या उभ्या सगळं बरोबर सांगितलं. पाती बाहेर आली की लगेच तापवायची, हे दोनदा सांगितलं. थोरल्या मामांनी ते कामगाराकडून एकदा म्हणवून घेतलं, आणि मग टेम्पोवाल्याला निघायला सांगितलं.