पांगाऱ्यातला भिका

मेलेल्या भावाचं तोंड आमच्या आजोबांनी लाकडात कोरलं, आणि गावाने ते शिमग्यात येऊ दिलं नाही.

आज आजोबांची तिथी.
दरवर्षी ठरवते लिहायचं, आणि दरवर्षी दमून राहून जातं. आज लिहितेय.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याजवळ असायचे. तेव्हा त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलेलं हे सगळं. गोष्ट एकोणीसशे तीसच्या आसपासची.

आजोबा मालगुंडच्या बाजूचे. नाव विठू, काम सुतारकीचं.
विशी उलटली तशी बोटीवर सुतार म्हणून लागले. मुंबई ते आफ्रिका, आफ्रिका ते मुंबई. घरी आई, आणि धाकटा भाऊ भिका.

भिका दरवर्षी शिमग्यात पालखीपुढे नाचणारा संकासुर व्हायचा. उंच काळी टोपी, पांढरी दाढी, पायात घुंगरं. तो नाचायला लागला की म्हाताऱ्यासुद्धा चूल सोडून यायच्या.

एका फेरीत आजोबा दार-ए-सलामला मलेरियाने आडवे झाले. बोट त्यांना तिथेच ठेवून निघून गेली.
बरे होऊन दुसऱ्या बोटीची वाट बघत होते, तर घरून पत्र आलं. बोटकंपनीच्या पत्त्यावर टाकलेलं, चार महिने फिरत फिरत आलेलं.

भिका विषमज्वराने गेला होता. दिवसकार्यही उरकलं होतं.

"रडायला पण उशीर झालेला गो," आजोबा मला म्हणाले.

ते राहायचे त्याच्या शेजारी एक म्हातारा मुखवटे कोरत बसायचा. माकोंडे लोकांपैकी. आख्खं डोकं आत जाईल असे पोकळ मुखवटे. वर खरे केस चिकटवलेले, गालावर-कपाळावर मेणाच्या उठावदार रेघा.
मुखवटा घालून नाचतात तेव्हा गेलेलं माणूस एक दिवस परत येतं, एवढं आजोबांना त्याच्याकडून समजलं.

मोडक्यातोडक्या स्वाहिलीत आजोबा त्याला म्हणाले, "मला हे शिकव."

म्हातारा म्हणाला, "हे नाही शिकवणार. हे आमचं आहे. लाकूड आतून पोकळ कसं करायचं ते दाखवतो. तोंड तुझ्या माणसाचं कर."

दोन महिने आजोबा त्याच्या शेजारी बसले. चौकटी करणारा सरळ हात तो, गोल वळेना. पहिला मुखवटा नाकात फुटला. दुसऱ्याला म्हातारा नुसता हसला.

मग बोट मिळाली. घरी आले. आई दारात बसलेली. तिने आजोबांकडे बघितलं आणि उठून आत गेली.

आजोबांनी कुंपणाच्या गडग्याकडचा पांगारा तोडला. हलकं लाकूड. महिनाभर कोरत होते. स्वतःचे केस कापून मेणाने वर लावले.
आई जाता-येता बघायची.

शिमगा आला तशी पालखीचे मानकरी तात्या घरी आले.

"इठू, देवाच्या पालखीफुडं मेलेल्याचं तोंड? नाय चालायचं."

"संकासुर तर राक्षस ना तात्या? तो चालतो?"

"राक्षस चालतो. आपला माणूस नाय चालत."

झालं. विषय संपला.

होळी झाल्यावर एक दिवस दुपारी आई म्हणाली, "बाबू, घाल बघू ते."

आजोबांनी घरापुढच्या खळ्यात उभं राहून मुखवटा डोक्यावर चढवला. नाचता येत नव्हतं. नुसते उभे राहिले.
आई जवळ आली. नाकावरून, गालावरून हात फिरवला.

"भिका नाय दिसत ह्याच्यात," ती म्हणाली. "नाक त्याचं असं नव्हतंच."

आजोबांनी मुखवटा उतरवला.

"तो गेला तेव्हा तुझा पण काय पत्ता नव्हता. मी दोघांसाठी रडलेय रे. चल, जेवून घे."

त्यानंतर आजोबा बोटीवर गेले नाहीत.

तीन-चार वर्षांनी तेच तात्या पुन्हा आले. त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. तापाने गेला, तिकडेच अग्नी दिला. तात्यांना तोंड बघायला मिळालं नाही.

बराच वेळ पाऊस-भाताबद्दल बोलले. मग म्हणाले, "माझ्या पोराचं करशील?"

आजोबांनी केलं. पालखीपुढे नाचवायला नाही. घरात ठेवायला.
त्यावर तात्या काय म्हणाले, मी विचारलं. "टॉवेलात गुंडाळून नेलान."

मग एकेक येत गेले. कोणाचा नवरा बोटीवर गेलेला, कोणाचा भाऊ मुंबईला. ज्यांचं माणूस बाहेरच्या बाहेर संपलं, ते सगळे.
दिवसा नांगर, दारं, पाट. संध्याकाळी ही तोंडं.
बायका समोर बसून सांगायच्या. भुवई अशी होती. हसताना ओठ इकडे जायचा. आजोबा ऐकायचे आणि कोरायचे.

"नाय म्हणता येत नव्हतं गो. पण दुसऱ्यांची माणसं आठवून आठवून मी दमलो."

मग आई गेली.
तिला न्यायच्या आधी आजोबा आत गेले, भिकाचा मुखवटा घेऊन आले आणि तिच्या उशाशी ठेवला. तिरडीवर. लोक बघत राहिले. तात्या तिथेच उभे होते. ते म्हणाले, "असू दे. जाऊ दे दोघांना."

पांगारा लगेच पेटतो म्हणे.

त्या दिवसानंतर आजोबांनी मुखवटा कोरला नाही. लोक यायचे, आजोबा चहा द्यायचे आणि हात जोडायचे.

आमच्याकडे एकही उरलेला नाही, तेव्हा कमेंटमध्ये फोटो मागू नका प्लीज. कोणाच्या घरी असेल तर असेल. कोणाचं तोंड आहे ते त्या घरालाही आता ठाऊक नसेल.

आजोबा, गेलात तेव्हा मी तुमचा हात धरून होते. तुमचं तोंड मला नीट बघायला मिळालं.
एवढं नशीब तुमच्याकडे आलेल्यांपैकी फार थोड्यांचं होतं.

तुम्हाला मनापासून नमस्कार.
तुमची, कुंदा