डिस्प्यूट म्हणजे काय

कर्जतच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज टाइप करणाऱ्या काकांकडं मी दहा वर्षं जातोय, पण त्यांचं नाव कधी विचारलं नाही. ते हळू बोलतात, थकल्यासारखे, आणि मधेच थांबून चष्मा पुसतात. वकिलांमुळं इथं सगळ्यांच्या तोंडी 'डिस्प्यूट' बसलाय. बांध कोरला तरी डिस्प्यूट, शिवी दिली तरी डिस्प्यूट. काका प्रत्येकाला विचारतात, "भांडण हाय का डिस्प्यूट?"

गेल्या महिन्यात मी माझंच काम घेऊन गेलो. पोशीरला आमच्या शेताच्या वाटेवर धाकट्या भावानं कुंपण घातलंय. "भावाशी डिस्प्यूट आहे, असं लिहा," मी म्हणालो.

त्यांनी बोटं उचलली. "भावाशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"तीन वर्षं झाली."

"मग डिस्प्यूट कसा? मूळचा लॅटिन शब्द हाय तो. आपापला विचार वेगवेगळा मांडायचा, असा अर्थ. त्याला दोघांनी बोलावं लागतं. तुमचा नुसता अबोला हाय."

"काका, तुम्ही टाइप करा."

त्यांनी केलं. एकही चूक नाही. कागद देताना म्हणाले, "रोज खोटा शब्द टाइप करून कंटाळा येतो हो."

अर्ज आत न देता मी बाहेरच्या कट्ट्यावर बसलो आणि भावाला फोन लावला.

"बोल," तो म्हणाला.

कितीतरी वेळ मला काही बोलता येईना. त्यानंही फोन ठेवला नाही.