बाबांची बस आणि माझा अडकणारा कॉम्प्युटर

माझे वडील आयुष्यभर एसटी चालवून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांनी घरातल्या प्रत्येकाला वैताग आणला. पहाटे उठायचे, अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे गिअर ऐकायचे. त्यात डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी मोटारसायकलसुद्धा बंद केली.

मी जळगाव जामोदला घरूनच लग्नांचे अल्बम तयार करते. त्यासाठी एक जुना गेमिंग कॉम्प्युटर घेतला होता. त्यात आधीच्या मालकाचा बस चालवायचा गेम तसाच राहिला होता. एका दुपारी मी भाकरी थापत असताना बाबा त्यासमोर बसले, ते बसलेच. आठवड्याभरात कीबोर्डच्या बाणांवर ते घाट चढायला लागले. चालवताना तोंड चालूच. "इथं उतार हाये, आता ब्रेक नाई माराचा, गिअर खाली घ्याचा." मला ते ऐकून हसू यायचं. एकदा गंमत म्हणून मी ते इंटरनेटवर थेट दाखवलं, तर लोक पाहायला लागले. मग रोज दुपारी बाबांची बस सुटायची.

आणि रोज अडकायची. एकाच कॉम्प्युटरवर गेम चालू, त्याचं प्रक्षेपण चालू, लोकांचे मेसेज दिसायला ब्राउझर उघडा, आणि शेजारच्या स्क्रीनवर माझा अल्बम, कारण नवरीकडचे लोक काही थांबत नाहीत. भर वळणावर बस गोठायची. सुटायची तेव्हा थेट दरीत.

"पाह्य! अटकली अजून!" बाबा खुर्चीतून उठायचे आणि माझ्याकडे असे बघायचे, जशी काही मीच कंडक्टरसारखी मधे घंटी मारली.

पुण्यात नोकरी करणाऱ्या आतेभावाला फोन केला. त्यानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "ताई, ग्राफिक्स कार्ड बदल. गेम अडकतो म्हणजे कार्डच." मी बसनं खामगावला गेले, त्यानं सांगितलेलं कार्ड घेऊन आले. घरी कॉम्प्युटरचा डबा उघडला तर कार्ड दोन बोटं लांब. आत हार्ड डिस्कची चौकट आडवी येत होती. त्यातून कसंबसं बसवलं असतं, तरी त्याला लागणारी विजेची पिन आमच्या पॉवर सप्लायला नव्हतीच.

"न मोजताच आणलं?" बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परत खामगाव. दुकानदार भला, कार्ड परत घेतलं. पण म्हणाला, "मॅडम, मग रॅम घेऊन जा. अडकणं-बिडकणं सगळं बंद." मला इतका कंटाळा आला होता की कॉम्प्युटरचा मदरबोर्ड कोणता, हे ना त्यानं विचारलं ना मी सांगितलं. घरी येऊन रॅमची पट्टी बसवायला गेले तर बसेना. पट्टीतली खाच एकीकडे, खोबणीतला दात दुसरीकडे. रॅम नव्या पिढीची, बोर्ड जुन्या पिढीचा. मी तरी अंगठ्यानं जोर लावला.

बाबांनी माझा हात धरला. "अवं, जबरदस्ती काऊन करतं? तुटून जाईन ना ते."

"तुमच्याच बसपायी चाललं हे सगळं!" मी ओरडले. "मले माह्या कामाले हा कॉम्प्युटर पुरत होता!"

ते चप्पल घालून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आलेच नाहीत कॉम्प्युटरकडे, तिसऱ्या दिवशीही नाही. कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. माझा अल्बम सरसर पुढे गेला आणि मला त्या शांततेचाच राग यायला लागला. लोक मेसेज टाकत होते, काका आजारी आहेत का?

चौथ्या दिवशी मीच म्हटलं, "बाबा, बसा ना. चुकलं माह्यं."

ते आत गेले आणि एक डायरी घेऊन आले. ड्युटीवर असताना गाडीत काय बिघाड झाला, कधी झाला, हे लिहून डेपोत द्यायची त्यांची सवय. इथंही त्यांनी ती सोडली नव्हती. महिन्याभरात बस कधी अडकली, कधी नाही आणि तेव्हा स्क्रीनवर काय काय उघडं होतं, ते सगळं लिहिलेलं. नुसता गेम: अडकली नाही. गेम आणि प्रक्षेपण: अडकली नाही. मेसेजची खिडकी आणि 'पोरीचे फोटो' उघडे: अडकली. प्रत्येक वेळी.

मी इतरांना विचारत फिरत होते. उत्तर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलं होतं.

मग आम्ही ते पुन्हा करून पाहिलं. कशावर किती ताण येतो ते दाखवणारी खिडकी उघडी ठेवली आणि एकेक गोष्ट सुरू करत गेलो. ग्राफिक्स कार्ड निवांत होतं, प्रोसेसरही फार दमला नव्हता. अल्बम उघडताच मेमरी, म्हणजे रॅम, मात्र काठोकाठ भरली आणि बस जागच्या जागी थांबली. डबा उघडला, तर आत आठ जीबीची एकुलती एक पट्टी. तिच्यावरचं लेबल, बोर्डाचा नंबर, सगळं बाबांनी भिंग घेऊन डायरीत उतरवलं.

तिसऱ्या खेपेला ते सोबत आले. वाटेत नांदुऱ्यापर्यंत त्यांनी बसच्या ड्रायव्हरच्या क्लचवर टीका केली, मी खिडकीबाहेर बघत राहिले. दुकानात डायरी काउंटरवर ठेवून म्हणाले, "साहेब, हे पाहा आणि याले लागते तेच द्या." दुकानदारानं ती नवी पट्टी परत घेतली आणि जुन्या पिढीच्या सोळा-सोळा जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या काढून दिल्या.

घरी बसवल्या, बटण दाबलं, स्क्रीन काळी. पंखे फिरतात, दिसत काहीच नाही. मला रडूच यायचं बाकी होतं. दोन्ही पट्ट्या काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. एक बाजू नीट बसलीच नव्हती. या वेळी दोन्ही टोकांना टक्‌ असा आवाज आला आणि स्क्रीन उजळली.

त्या दुपारी सगळं एकदम चालू ठेवलं. शेजारी माझा अल्बम तयार होत होता, मेसेज येत होते, आणि बाबांनी न थांबता अख्खा घाट पार केला. एकानं लिहिलं, काका, लहानपणी मी तुमच्याच गाडीनं शाळेत जायचो. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबांनी मान हलवली, पण नजर रस्त्यावरून काढली नाही.

बस स्टँडात लावून ते मागे टेकले. मला वाटलं, आता तरी दोन चांगले शब्द ऐकायला मिळतील.

"हाव, चालते आता," ते म्हणाले. "पण बाई, या बटणाइनं वळण नाई घेता येत नीट. कॉम्प्युटरले लावाचं स्टेरिंग भेटते म्हणे?"

"बाबा, सहा महिने खामगावचं नाव काढू नका," मी म्हणाले आणि अल्बमचं पुढचं पान उघडलं.