दही लागलं, कडं गेलं

आमच्या समोरच्या मंदाकिनी आपटेचं काहीतरी हरवलंय, हे सदाशिव पेठेला माझ्याकडूनच कळलं. काय हरवलंय, ते मात्र मला आजही धड सांगता येत नाही.

ब्याण्णव सालची गोष्ट. मंदाकिनी दह्यातल्या जंतूंवर पीएचडी करत होती. जाड सालीचे, रंगवले की जांभळे होणारे जंतू. त्यांच्यात तिने दुसऱ्या जातीच्या जंतूतलं डीएनएचं इवलं कडं घातलं होतं. ते टिकलं तर प्रबंध पुढे सरकणार. कडं असलेला जंतू एका औषधाला दाद देत नसे; ज्याच्यात कडं नाही तो मरावा, म्हणून ती नळीत ते औषध घाली. दिवाळीत औषध संपलं, भांडाराला कुलूप. मग बाईंनी आईची रीत धरली. रोज प्रयोगशाळेत जाऊन चमचाभर जुनं ताज्या दुधात. विरजणच की! सुट्टी संपली तेव्हा दही झकास लागलेलं आणि कड्याचा पत्ता नाही.

"दही लागतंय ना? मग गेलं काय?"

"काका, दह्याला ते कडं लागतच नाही."

"मग घातलंस कशाला?"

दुपारी दोनला बेल वाजवणाऱ्याकडे पाहावं, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मग दुपदरी सुतळीचं कडं करून समजावू लागली. एक प्रथिन येतं, एकाच पदराला छेद देतं. उरलेल्या पदरावर नवा विणला जातो, तसतसा जुना सुटत जातो. सुटलेला पुन्हा गोल होतो, पण एकटाच. मग त्यालाही जोडीदार विणायचा.

"आणि नाही विणला तर?" मी विचारलं. तिच्या लग्नाचा विषय काढायला बरी संधी होती.

तिने सुतळीचा सुटलेला पदर बोटाभोवती गुंडाळून पाहिला. मग हळू म्हणाली, "ती वीण एका ठरावीक जागेवरून सुरू होते. माझ्या जंतूंना ती जागा ओळखूच येत नसेल. एकटे पदर साचतात, पुरी कडी कमी पडतात, पिल्लं रिकामी निघतात. औषध होतं तोवर रिकामी मरत होती. आम्हांला वाटलं, टिकलंय."

"मग हे वाईट झालं की बरं?"

"सरांना सांगितल्यावर कळेल."

तपासलं, तर एकट्या पदरांचा ढीग. सरांनी अख्खी दिवाळी पुन्हा करायला लावली, औषध घालून आणि न घालता. प्रबंध झाला तो कडं का टिकत नाही यावरच, आणि पदवीही मिळाली. टिकवायला निघालेल्या बाईला न टिकल्याबद्दल पदवी कशी देतात, असं मी विचारलं. ती हसली आणि तिने दार लावून घेतलं.