शिद्रामअप्पांची टाच

शिद्रामअप्पा कुठल्याही नव्या जागी उभे राहिले, की चप्पल काढून उजव्या टाचेने जमिनीवर तीन ठोके द्यायचे आणि मान तिरकी करून थांबायचे. हे गृहस्थ नेमकं काय ऐकतात, याचं कुतूहल मला पहिल्या दिवसापासून होतं.

भूकंप झालाच तर सोलापूरचा कुठला भाग किती हादरेल, याचा नकाशा आमचं कार्यालय करत होतं. त्यावरून कुठे कसं बांधायचं ते ठरणार होतं. अप्पांनी जन्मभर विहिरी खोदलेल्या; कुठे काळी माती, कुठे खडक, सगळं तोंडपाठ. म्हणून मी त्यांना सोबत घेतलं. पण जमिनीची बारीक थरथर टिपणारं यंत्र लावलं की सगळ्यांनी निश्चल उभं राहायचं असतं, आणि नेमकी तेव्हाच यांची टाच आपटायची. पडद्यावर तीन उंच रेघा!

"अप्पा, हलू नका हो!" मी वैतागायचो.

"तुमचं यंत्र ऐकतंय, मी बी ऐकतोय की. खडक असला तर टाच दुखती, भराव असला तर न्हाय दुखत. लई सोपं हाय."

त्यांच्या गल्लीत मी यंत्र लावलंच नव्हतं. दोन्ही बाजूंना खडक लागला, म्हणून मधली गल्लीही नकाशात हिरवी, म्हणजे भक्कम, रंगवून मोकळा झालो होतो. अप्पांनी तिथे बोट ठेवलं.

"हितं लाल करा सायेब. दगडाची खाण हुती. गिरणीच्या राखेनं मीच बुजवली, आन् जागा स्वस्तात मिळाली म्हणून घर बी मीच बांधलं."

त्यांचा मुलगा मल्लू त्याच घरावर मजला चढवणार होता. "काम अडेल, अप्पा," मी म्हटलं.

"अडू दे की. वर नातवंडं झोपणार हायत."

यंत्र लावलं. अप्पांचं खरं निघालं, गल्ली लाल झाली. शेजाऱ्यांनी अबोला धरला, मल्लूही महिनाभर धड बोलला नाही. शेवटी जुनं घर पाडून पाया थेट खडकापर्यंत न्यायचं त्याने मनावर घेतलं. खड्डा झाला तेव्हा अप्पा हट्टाने शिडीवरून तळाशी उतरले, चप्पल काढली, तीन ठोके दिले.

"दुखती रे मल्लू! घाल आता काँक्रीट."

घर पुरं होण्याआधीच ते गेले.

परवा जुन्या नोंदी साफ करताना त्यांच्या गल्लीतली नोंद निघाली. मधोमध तीन उंच रेघा. त्या दिवशीही मी त्यांच्यावर ओरडलो होतो. असा गोंधळ पुसून टाकायचा, असा आमचा नियम आहे. माझ्याने तो पुसवला नाही.