अजून थोडी चढतेय

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडले तरी दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. मग तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही नितीनला ओळखत नाही, म्हणून.

नितीन माझा धाकटा दीर. लग्न होऊन मी नाशिक रोडच्या घरात आले तेव्हा तो कॉलेजात होता, आणि मी गाण्याच्या परीक्षा दिलेली सून. सासरी गाणं कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे माझ्या कानाचं केवढं कौतुक! कुकरची शिट्टी कुठल्या सुरात वाजली, हे सासूबाई पाहुण्यांसमोर मला विचारायच्या. नितीनला सा-रे-ग-म मीच शिकवलं. पुढे तो गिटारकडे वळला, तरी तार जुळवली की आधी माझ्याकडे बघायचा. मी मान हलवली की मगच पुढे.

पुढे आम्ही तिघांनी कार्यक्रम करायला सुरुवात केली. मी गाणार, नितीन गिटारवर, आणि माझा नवरा संजय ऑक्टोपॅडवर ताल धरणार. गंगापूर रोडच्या हॉटेलांत शनिवार-रविवार, मधूनच एखादं लग्न, एखादा साखरपुडा.

नितीनची गिटार इलेक्ट्रिक होती आणि तिला दांडी होती. हे जरा नीट सांगते — माझं पाप त्या दांडीच्याच आडोशाला राहिलं. तारा खाली ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात तिला ही दांडी जोडलेली. दाबली की सगळ्या तारा एकदम सैल पडतात, सूर हेलकावा खातो. सोडली की मागच्या स्प्रिंगा पट्टीला परत जागेवर आणतात. आणायला हव्यात! पण वर, गळ्याच्या टोकाला, तारा ज्या खाचांतून जातात तिथं एखादी अडकून बसते, आणि मग तिचा सूर जरा चढाच राहतो. दांडीवाली गिटार सुरात ठेवणं कटकटीचं, हे वाजवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. नितीनलाही होतं. पण गाण्याची ओळ संपता संपता तो ती दांडी अशी काही हलवायचा, की जेवणारी माणसं घास हातात धरून बघत राहायची.

त्याच्याकडे. माझ्याकडे नाही. हेही सांगून टाकलेलं बरं.

चाळिशी ओलांडली आणि वरच्या सुरांवर माझा आवाज खाली बसायला लागला. अगदी केसाएवढा. गाणाऱ्याला स्वतःचा उतरलेला सूर ऐकू येत नाही, असं म्हणतात ना? मला येत होता. पहिल्या दिवसापासून येत होता. घसा शेकला, लोणचं सोडलं, पहाटे उठून रियाज केला. उपयोग शून्य. आणि हे बोलणार कुणाशी? त्या घरात माझी ओळख दुसरी काय होती?

एकदा हॉटेलचा मॅनेजर मध्येच येऊन म्हणाला, "काहीतरी बेसूर होतंय, बघा जरा." संजय आणि नितीन, दोघांनी माझ्याकडे पाहिलं. बेसूर कोण, ते मीच सांगणार ना!

"गिटार चढतेय," मी म्हणाले.

किती सहज निघालं तोंडातून. उतरलेल्या आवाजाशेजारी बरोबर सूरही चढाच वाटतो. आणि दोघांत चूक कोण, हे सांगायला तिसरं वाद्य — पेटी, कीबोर्ड — आमच्यात नव्हतंच.

नितीन त्या गिटारच्या मागेच लागला. नव्या तारा चढवल्या, एकेक हातानं ओढून ओढून त्यांचा ताण जिरवला. पेन्सिलीचं शिसं खरवडून खाचांत भरलं, तारा सरकाव्यात म्हणून. मागचं झाकण काढून स्प्रिंगा कमीजास्त घट्ट केल्या. प्रत्येक कार्यक्रमानंतर विचारायचा, "आज कशी होती, वहिनी?" आणि मी प्रत्येक वेळी तेच सांगायचे.

एका रविवारी दुपारी त्यानं मला स्वयंपाकघरातून हाक मारली. माझे हात कणकेचे होते. गिटारच्या डोक्याला ट्यूनर लावलेला — सूर बरोबर असला की त्याचा दिवा हिरवा होतो. नितीननं दांडी पार खाली दाबली, तारा अक्षरशः लोंबल्या. मग सोडली. एकेक तार छेडली. हिरवा. हिरवा. सगळ्या हिरव्या.

"परत आल्या, वहिनी! सगळ्या जागेवर आल्या." मग म्हणाला, "मशीनचं सोडा. तुम्ही सांगा."

मी ऐकलं. सूर इतका नेमका होता की माझ्या अंगावर काटा आला. त्या संध्याकाळी आमचा कार्यक्रम होता. गिटार बरोबर आहे म्हटलं, तर संध्याकाळी बेसूर कोण ठरणार?

"अजून थोडी चढतेय रे."

त्यानं ट्यूनरकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग तो ट्यूनर काढून खिशात टाकला.

"खराब झालाय वाटतं," म्हणाला.

त्यानंतर लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा होता. तिसऱ्या गाण्याला लोक हसायला लागले. मुलीचे मामा सरळ स्टेजवर आले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता. लय झालं." परतताना गाडीत संजय म्हणाला, "नित्या, तू काही दिवस थांब." नितीन "बरं, दादा" म्हणाला. आणि मागे वळून मला म्हणाला, "सॉरी वहिनी."

सॉरी. मला! आणि मी काय केलं? "असू दे," म्हणाले.

त्याच्या जागी लॅपटॉपवरचं तयार संगीत आलं. ते तर चढत नाही, उतरत नाही. दोन-तीन कार्यक्रम झाल्यावर एके दिवशी संजयनं मुकाट्यानं त्या संगीताचा सूर खाली घेतला. मला काही विचारलं नाही. म्हणजे त्याला कळलं होतं? मीही विचारलं नाही. मग कार्यक्रमच बंद पडले, आणि तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

नितीनला पुण्याच्या एका ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलं होतं. गेला नाही. "आपल्याला चढलेला सूर कळत नाही, कुठल्या तोंडानं जायचं?" असं संजयला म्हणाला. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. गिटार त्यानं कुणाला तरी देऊन टाकली. आता एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टमध्ये काम करतो. मोबाइलवर गाणं लागलं की उठून जातो.

मी घरी गाण्याचे क्लास घेते. यंदा नितीन त्याच्या मुलीला घेऊन आला. आठ वर्षांची अन्वी. दारातच म्हणाला, "आधी हिचा कान बघा, वहिनी. माझ्यासारखा असेल तर उगाच आशा नको."

अन्वी गायली. एकही स्वर हलला नाही.

"कान चांगला आहे हिचा," मी म्हणाले.

"सुटलो!" तो हसला. "म्हणजे तुमच्यावर गेली."

मुलगी लगेच अंगणात खेळायला पळाली. खोलीत आम्ही दोघंच. चहा ठेवला होता, घाई कुणालाच नव्हती. त्याच्या कानाला काहीही झालेलं नव्हतं, कधीच नव्हतं, एवढंच वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "बुधवारपासून पाठव तिला."

नितीन उठला आणि वाकून माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.